क्लिक केल्यावर वाजणारा तंबोरा

सुट्टीत सांगलीला आलेल्या भाचीने आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर तंबोऱ्याच्या चार तारा, माउसने छेडली की तार वाजायची. निदान वाजायला हवी होती. पहिली तार छान बोलली. तिचा आवाज घुमत असताना दुसरीवर क्लिक केलं, काही नाही. तिसरीवर केलं, काही नाही. चार सेकंदांनी पहिलीचा आवाज पूर्ण विरला, मग कुठे दुसरी वाजायला तयार झाली.

"मामा, एका वेळी एकच तार वाजणार असेल तर त्याला तंबोरा कसं म्हणायचं?"

हा लेख तिच्या या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्यांनी कधी एक ओळही प्रोग्रॅम लिहिलेला नाही त्यांनी तो वाचत वाचत सोबत करून पाहावा. दोन-अडीच तास लागतील. चित्र काढायची हौस असेल तर संध्याकाळ जाईल, आणि तसं झालं तर माझी हरकत नाही.

तंबोराच का, तर मिरज आमच्या दाराशी आहे म्हणून. तिथल्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाद्यं घडवली जातात, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आदल्याच आठवड्यात आम्ही तिथे गेलो होतो. एका कारागीर काकांनी तिच्यापुढे तंबोरा धरला आणि दाखवलं: पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने. प, सा, सा, आणि शेवटी खालचा सा, म्हणजे खरज. एका तारेचा नाद संपायच्या आत दुसरी छेडायची. एकमेकांत मिसळणारा तो नाद हाच तंबोऱ्याचा जीव, आणि नेमका तोच तिच्या प्रोग्रॅममध्ये नव्हता.

चूक तिची नव्हती. प्रोग्रॅम म्हणजे 'आधी हे, मग ते' अशी यादी, असं तिला शाळेत शिकवलं होतं. बेरीज करायला किंवा पाढा छापायला तेवढं पुरतं. पण कारागीर तंबोरा करतो तेव्हा गाणारा कोणती तार आधी छेडेल, केव्हा छेडेल, हे त्याला ठाऊक नसतं. तो प्रत्येक तार तिच्या जागी तयार ठेवतो, बस्स. क्लिक होणाऱ्या चित्रांचं प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या प्रकारचं. क्रम वापरणाऱ्याच्या हातात. आपण फक्त लिहून ठेवायचं की अमुक घडलं तर तमुक कर. हे 'अमुक घडणं' म्हणजे इव्हेंट: क्लिक, कळ दाबणं, निरोप येणं, वेळ संपणं.

तयारी

आपण स्क्रॅच वापरू. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. सध्याची तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून आहे. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि ॲप उतरवून घेतलं तर इंटरनेटशिवायही चालतं. आमच्याकडे वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून मी ॲपच वापरतो. यात टाइप करायचं जवळजवळ काही नाही. रंगीत ब्लॉक ओढून एकाखाली एक जोडायचे. ब्लॉकवरची नावं इंग्रजीत गृहीत धरून मी ती इथे देवनागरीत लिहितोय, शोधायला सोपं जावं म्हणून.

उघडल्यावर मांजर दिसेल. ते काढून टाका. पडद्यावरच्या प्रत्येक हलत्या-बोलत्या चित्राला स्प्राइट म्हणतात, आणि ज्यावर ती उभी राहतात तो स्टेज. स्टेज ४८० रुंद, ३६० उंच. शून्य मधोमध असतं. म्हणजे आडवं मोजमाप उणे २४० ते २४०, उभं उणे १८० ते १८०. तंबोरा उभा काढला तर तारा आखूड होतात, म्हणून आपण तो आडवा ठेवू: डावीकडे खुंटी, उजवीकडे भोपळा.

डाव्या खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबून 'म्युझिक' हे जादा खातं जोडून घ्या. आणि एक आत्ताच सांगतो, नंतर डोकं खाजवत बसाल: ब्लॉकच्या खोक्यात आकडा टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. देवनागरी आकडा स्क्रॅच संख्या म्हणून धरत नाही. नावं मात्र मराठीत खुशाल द्या. आमच्या स्प्राइटची नावं 'पंचम', 'जोड एक', 'जोड दोन', 'खरज' अशीच आहेत (जोड म्हणजे सा च्या मधल्या दोन तारा).

एक तार, पण नीट

चारही तारा एकदम काढू नका. एक पूर्ण करायची आणि मग तिच्या प्रती काढायच्या.

नवीन स्प्राइट रंगवायला घ्या. साधारण ३०० लांबीची आडवी रेघ ओढा. तिचं नाव 'पंचम'. आता 'इव्हेंट्स' या पिवळ्या खात्यातून 'व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड' हा ब्लॉक उचलून आणा. त्याचा माथा गोलसर आहे, टोपी घातल्यासारखा. टोपीवाल्या ब्लॉकच्या वर दुसरा काही जोडता येत नाही, कारण तिथून सुरुवात होते आणि सुरुवात करणारा प्रोग्रॅमच्या बाहेरचा असतो: तुमचं बोट. त्याच्याखाली म्युझिकमधला 'प्ले नोट' जोडा, सूर ५५, ठोके ४.

५५ हा काय प्रकार? संगणकावर सुरांना आकडे असतात. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, आणि पुढची प्रत्येक पट्टी, काळी असो की पांढरी, एकेक आकड्याने वर. म्हणून पांढरी एकचा सा धरला तर खरज त्याच्या बारा पट्ट्या खाली, म्हणजे ४८. त्या खरजापासून पंचम सात पट्ट्या वर, म्हणजे ५५. ठोक्याची गती सुरुवातीला मिनिटाला ६० असते, तेव्हा चार ठोके म्हणजे चार सेकंद.

आता तारेवर क्लिक करा.

बहुधा वाजणार नाही. चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर कधीतरी वाजेल. आमच्याकडे याहून वाईट झालं: भाचीने जोरात क्लिक करून माउस जरा हलवला, आणि तार जागची निघून तिच्या बाणाबरोबर पडद्यावर फिरायला लागली. "तुटून हातात आली!" असं म्हणून ती हसत सुटली.

दोन्ही गोष्टींना कारण आहे. दुसरीचं सोपं. चित्रं मांडता यावीत म्हणून स्क्रॅचच्या एडिटरमध्ये, म्हणजे आपण ब्लॉक जोडतो त्या खिडकीत, ती ओढता येतात. स्टेजच्या वरचं बटण दाबून पूर्ण पडदा केला की ती ओढली जात नाहीत. म्हणजे वाजवून बघायचं ते पूर्ण पडद्यावर. 

पहिल्या कारणाकडे जरा थांबून बघू, कारण क्लिक होणाऱ्या चित्रांत नवख्यांची सर्वांत जास्त चिडचिड इथेच होते. स्क्रॅचमध्ये चित्राचा जो भाग रंगवलेला आहे तोच क्लिक पकडतो. आजूबाजूचा रिकामा, पारदर्शक भाग पकडत नाही. चित्राला चौकोन पकडून त्या चौकोनात क्लिक झालं की पुरे, असं ते करत नाही. आपली तार दोन-तीन बिंदू जाडीची. म्हणजे क्लिक करायला जागा दोन-तीन बिंदूंची. पोकळ गोल काढून बटण केलं तरी हेच होतं: काठावर क्लिक लागतं, मधोमध लागत नाही.

उपाय असा. तारेच्या मागे एक पट्टा काढा: ३०० लांब, २२ उंच, कडा नसलेला आणि तंबोऱ्याच्या लाकडाच्याच रंगाचा. वर तार. डोळ्याला पट्टा दिसणार नाही, तो दांडीत मिसळून जाईल. बोटाला मात्र २२ बिंदूंची जागा मिळेल. पट्टा रेघेच्या पुढे आला असेल तर रंगकामाच्या खिडकीत 'बॅकवर्ड' दाबून मागे ढकला. हे केल्यावर भाचीने डोळे मिटून क्लिक करून बघितलं आणि वाजलं. परीक्षा म्हणून मी ती मान्य केली.

भाचीचा पहिला प्रोग्रॅम आणि त्याचं घोडं

आता तिच्या मूळ चुकीकडे येतो. तिने स्प्राइट केलेच नव्हते. मागच्या पडद्यावर चार रेघा काढल्या आणि एकच लांबलचक स्क्रिप्ट, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या ब्लॉकची माळ, लिहिली: हिरवा झेंडा (प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) दाबल्यावर कायम फिरत राहा, माउस दाबलेला आहे आणि बाण पहिल्या रेघेच्या उंचीवर आहे का? असेल तर ५५ वाजव. दुसऱ्या रेघेच्या उंचीवर आहे का? असेल तर ६० वाजव. असं चौथीपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

वाचायला बरोबर वाटतं. पण 'प्ले नोट' हा ब्लॉक सूर पूर्ण होईपर्यंत खालच्या ब्लॉककडे जाऊ देत नाही. पहिली तार चार सेकंद वाजत असताना ती अख्खी स्क्रिप्ट तिथेच अडकलेली. त्या चार सेकंदांत तुम्ही दहा वेळा क्लिक केलं तरी विचारणारं कुणी नाही. गावाबाहेरच्या फाट्यावर उभं राहून आपण हात दाखवायचा आणि कंडक्टर मागच्या सीटवर तिकिटं फाडत बसलेला.

इव्हेंटच्या पद्धतीत विचारत फिरायचं काम आपल्याकडे नसतंच. ते स्क्रॅच करतं. सेकंदाला ३० फेऱ्या मारताना ते बघतं की काही घडलं का, घडलं असेल तर त्या घटनेची टोपी घातलेल्या सगळ्या स्क्रिप्ट सुरू करतं, आणि आधीपासून चालू असलेल्या प्रत्येकीला थोडं थोडं पुढे सरकवतं. 'थांब' किंवा 'सूर वाजव' असा ब्लॉक आला की ती स्क्रिप्ट आपली पाळी दुसरीला देते. पंचमाची स्क्रिप्ट चार सेकंद थांबली म्हणून जोडाची अडत नाही, कारण ती वेगळ्या तारेवर, वेगळ्या टोपीखाली आहे. नाद एकमेकांत मिसळतो तो इथे. त्यासाठी आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही.

निरोप: तीन दारं, एक घर

चार प्रती काढण्याआधी पंचमात एक सुधारणा करून घ्या. आत्ता क्लिक आणि वाजणं एकमेकांना चिकटलेलं आहे. उद्या कीबोर्डवरून वाजवायचं झालं, परवा आपोआप वाजायला हवं झालं, तर तोच 'प्ले नोट' तीन ठिकाणी लिहावा लागेल आणि सूर बदलताना तीनपैकी एका ठिकाणी बदलायचा राहून जाईल. तो राहतोच.

म्हणून असं करा. 'व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड'च्या खालून 'प्ले नोट' काढा आणि तिथे 'ब्रॉडकास्ट' लावा. निरोपाचं नाव नवीन द्या: 'छेड एक'. मग बाजूला दुसरी टोपी आणा, 'व्हेन आय रिसीव्ह', त्यात 'छेड एक' निवडा, आणि तिच्याखाली 'प्ले नोट' लावा. क्लिक फक्त आवाज देतं की पहिली तार छेडली. वाजवायचं कसं ते तार बघेल.

आता कळ जोडणं एका मिनिटाचं काम. 'व्हेन की प्रेस्ड', कळ १, खाली 'ब्रॉडकास्ट छेड एक'. करून बघा, पण कळ दाबून धरू नका. भाचीने धरली. तंबोऱ्याची शिलाई मशिन झाली.

कारण कळ दाबून धरली की कीबोर्ड तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, जसं लिहिताना अक्षर धरून ठेवलं की ओळभर तेच उमटतं. उपाय फार गोड आहे. 'ब्रॉडकास्ट'च्या खाली 'वेट अन्टिल' लावा, त्यात 'नॉट', आणि त्यात 'की १ प्रेस्ड'. अर्थ: बोट उचलेपर्यंत इथेच थांब. हा उपाय लागू पडतो त्याचं एक कारण आहे जे सहसा कुणी सांगत नाही. कळेची स्क्रिप्ट चालू असताना तीच कळ पुन्हा आली तर स्क्रॅच तिकडे दुर्लक्ष करतं. क्लिक आणि निरोप यांचं उलट आहे: स्क्रिप्ट चालू असताना पुन्हा क्लिक झालं तर ती सोडून देऊन वरपासून नव्याने सुरू होते. एकच तार लागोपाठ दोनदा छेडली तर दुसरी छेड रांगेत न थांबता लगेच वाजते ती त्यामुळे.

तार थरथरलेलीही दिसायला हवी. स्प्राइटला दुसरा पोशाख द्या. स्क्रॅच त्याला कॉस्च्युम म्हणतं. पहिल्याची प्रत काढून रेघ जरा जाड आणि फिकी करा. नावं 'स्थिर' आणि 'कंप'. आता हे वाजण्याच्या स्क्रिप्टमध्ये घुसवायला जाऊ नका, तिथे 'प्ले नोट' पुन्हा अडवेल. त्याच स्प्राइटवर तीच 'व्हेन आय रिसीव्ह छेड एक' टोपी पुन्हा एकदा आणा आणि तिच्याखाली: वीस वेळा, पुढचा पोशाख, ०.०५ सेकंद थांब. शेवटी 'स्विच कॉस्च्युम टू स्थिर'. एकाच निरोपावर दोन स्क्रिप्ट उठतात, एक वाजवते आणि एक हलवते.

झेंड्याखाली सुरुवातीची मांडामांड लिहा: 'व्हेन फ्लॅग क्लिक्ड', मग जागा (आडवं ०, उभं ३६), पोशाख स्थिर, 'गो टू फ्रंट लेयर', आणि वाद्य. स्क्रॅचच्या यादीत २१ वाद्यं आहेत, त्यात तंबोरा नाही आणि सतारही नाही. गिटार घ्या. जवारीचा, म्हणजे तार घोडीला घासून उठणारा, झणकार त्यात येणार नाही, हे मिरजेत कुणाला सांगायला नको.

चार तारा

पंचमावर उजवं क्लिक, 'डुप्लिकेट', तीनदा. स्क्रिप्टही सोबत येतात. वाद्याची निवड प्रत्येक स्प्राइटची स्वतंत्र असते, पण ती झेंड्याखाली लिहिलेली असल्याने प्रतींनाही मिळते.

प्रत्येक प्रतीत बदलायच्या गोष्टी: नाव, जागा (उभं १२, उणे १२, उणे ३६), कळ, निरोप आणि सूर. कळ दोन ठिकाणी आहे, टोपीत आणि 'वेट अन्टिल'मध्ये. निरोप चार ठिकाणी आहे, दोन पाठवायच्या आणि दोन घ्यायच्या. एक सुटला की एका क्लिकवर दोन तारा वाजतात, किंवा पहिली तार वाजते आणि सोबत दुसरीही थरथरते. आमची खरजाची कळ दाबली की पंचम हलायचा. पाऊण तास शोधत होतो.

भोपळा आणि थर

आता भोपळा काढा: उजवीकडे मोठा गोल, तारांची टोकं त्यावर येतील असा. दांडी मागच्या पडद्यावरच रंगवली तरी चालेल, ती क्लिक व्हायची नाही.

भोपळा मांडून झाल्यावर तारा वाजवा. डावीकडे वाजतात, उजवीकडे मुक्या. काही बिघडलेलं नाही. भोपळा नंतर आला म्हणून वरच्या थरावर बसला, आणि क्लिक मिळतं ते फक्त सर्वांत वर असलेल्या चित्राला, खाली झिरपत नाही. शिवाय एडिटरमध्ये एखादं चित्र ओढलं की ते आपोआप वर येतं. म्हणून भोपळ्याच्या झेंड्याखाली 'गो टू बॅक लेयर' लिहा. आणि लपवलेलं, म्हणजे 'हाइड' केलेलं चित्र अजिबात क्लिक घेत नाही, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

भोपळ्याला काम देऊ. त्यावर क्लिक केलं की तंबोरा आपोआप सुरू, पुन्हा केलं की बंद. गाणाऱ्याला रियाजाला हेच लागतं. यासाठी तंबोरा आत्ता कोणत्या अवस्थेत आहे ते कुठेतरी नोंदलेलं हवं. 'व्हेरिएबल्स'मध्ये 'चालू' नावाचं एक करा. झेंड्याखाली ते ० करा. मग भोपळ्याच्या क्लिकखाली पहिला ब्लॉक: 'चालू'ची किंमत १ वजा 'चालू' कर. शून्य असेल तर एक होईल, एक असेल तर शून्य. त्याखाली 'रिपीट अन्टिल चालू = ०', आणि पोटात: छेड एक, १ सेकंद थांब; छेड दोन, ०.७ थांब, छेड तीन, ०.७ थांब, छेड चार, १.२ थांब. आकडे माझ्या कानाचे आहेत, तुमच्या कानाने बदला.

बंद करताना काय होतं ते बघण्यासारखं आहे. दुसरं क्लिक आलं की चालू असलेली फेरी सोडून स्क्रिप्ट वरपासून सुरू होते. 'चालू' शून्य होतं. फेरीत शिरायची अटच फसते, आणि स्क्रिप्ट संपते. मघाशी सांगितलेला 'क्लिक पुन्हा आलं की नव्याने सुरुवात' हा नियम इथे फुकट कामाला आला.

आपोआप चालू असतानाही तुम्ही मध्येच एखादी तार स्वतः छेडू शकता. भोपळ्याला त्याचा पत्ता लागत नाही, तारेला कोण बोलावतंय त्याची फिकीर नाही. निरोप वेगळे काढले नसते तर हे झालं नसतं.

खुंटी

खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक तारेला खुंटी असते आणि बारीक फरकासाठी तारेत मणी. आपण एकच खुंटी ठेवू आणि तिने सगळी पट्टी बदलू. 'सा' नावाचं व्हेरिएबल करा, सगळ्या स्प्राइटसाठी, झेंड्याखाली ६०. मग तारांतले ठरलेले आकडे काढून टाका: पंचमात 'सा वजा ५', दोन्ही जोडांत 'सा', खरजात 'सा वजा १२'. वजाबाकीचा ब्लॉक 'ऑपरेटर्स'मध्ये हिरव्या रंगात आहे.

डावीकडे, आडवं उणे २०५ या जागी खुंटी काढा. क्लिक तर एकच प्रकारचं, मग चढवायची आणि उतरवायची कशी? क्लिक झालं एवढंच पुरेसं नाही, कुठे झालं तेही विचारता येतं. खुंटीच्या क्लिकखाली: जर 'माउस एक्स' खुंटीच्या 'एक्स पोझिशन'पेक्षा जास्त असेल तर 'सा' १ ने वाढव आणि उजवीकडे १५ अंश फिर; नाहीतर उणे १ ने बदल आणि डावीकडे फिर. खुंटी जागच्या जागी फिरण्याऐवजी रहाटासारखी गरगरत असेल, तर रंगकामाच्या खिडकीत चित्राचा मध्य आणि तिथली छोटी खूण जुळलेली नाही. चित्र निवडून खुणेवर आणा.

इथून पुढचं तुम्ही करा. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून त्या रागाला पहिली तार मध्यमात लावतात: 'सा वजा ५' ऐवजी 'सा वजा ७'. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण करा, ज्याने पहिली तार पंचम-मध्यम अशी अदलाबदल होईल. भोपळ्याची युक्ती आठवा. आणि बटण पोकळ काढू नका.

पुढे ब्राउझरमध्ये जाल तेव्हा

स्क्रॅचनंतर बरेच जण जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेकडे जातात. तिथे टोपीच्या ब्लॉकऐवजी 'ॲड इव्हेंट लिसनर' लिहितात, आणि कल्पना तीच. तीन फरक मात्र आपटायला लावतात, म्हणून सांगून ठेवतो.

एसव्हीजी या चित्रप्रकारात प्रत्येक आकार स्वतः क्लिक ऐकू शकतो, आणि पारदर्शक रंग दिलेला भागही क्लिक पकडतो. रंग 'नन' ठेवला तर पकडत नाही. म्हणजे लाकडाच्या रंगाचा पट्टा लागत नाही, तारेवर पारदर्शक जाड रेघ टाकली की झालं. कॅनव्हास या दुसऱ्या प्रकारात तार नावाची वस्तूच उरत नाही, नुसते रंगलेले बिंदू. क्लिक कॅनव्हासला मिळतं आणि ते कोणत्या तारेवर पडलं ते जागेवरून आपण हिशेब करून काढायचं, भाचीच्या पहिल्या प्रोग्रॅमसारखं.

तिसरा फरक मोठा. तिथे चालू असलेलं काम मध्येच सोडून नव्याने सुरू होत नाही. हातातलं संपेपर्यंत पुढचं क्लिक रांगेत थांबतं. एखाद्या क्लिकच्या कामात तुम्ही लांबलचक हिशेब घातला तर तेवढा वेळ पानावरचं कुठलंच बटण हलणार नाही. चार सेकंद थांबायचं असेल तर 'सेट टाइमआउट' लावून काम सोडायचं आणि वेळ संपल्याचा इव्हेंट आला की पुढचं करायचं.

फाइल ठेवायला वरच्या 'फाइल' मेनूतून 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर'. भाची तिची पेनड्राइव्हवर घेऊन साताऱ्याला गेली. परवा रात्री फोन आला. आजोबांनी ऐकलं म्हणे, आणि म्हणाले की जोडाच्या दोन तारा अगदी एकसारख्या वाजतात, खऱ्या तंबोऱ्यात त्यांच्यात केसभर फरक असतो. आता ती मण्यांसाठी चार स्प्राइट काढतेय.